नानांना एक वैरी हवा होता

आमच्या कॉलनीतले सुकदेवनाना सहा महिने कमरेला रिव्हॉल्वरचं कव्हर लावून फिरत होते. कव्हर अस्सल चामड्याचं, तपकिरी, वर पितळी बटण. आत रिव्हॉल्वर नव्हतं. आत चष्मा, बडीशेपेची डबी आणि बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप असायची. भाजीच्या गाडीपुढे उभे राहून नाना गंभीर चेहऱ्याने बटण उघडायचे, नवखा भाजीवाला दोन पावलं मागे सरायचा, आणि नाना चष्मा काढून मेथीची जुडी न्याहाळायला लागायचे.

नुसत्या कव्हरला लायसन्स लागत नाही, याची त्यांनी माझ्याकडून तीनदा खात्री करून घेतली होती. मी कलेक्टर कचेरीत नोकरी केली, पण ती जवळजवळ सगळी अभिलेख कक्षात, म्हणजे जुन्या फायली आणि झुरळं यांच्या सहवासात. कॉलनीचा मात्र असा समज आहे की त्या इमारतीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या खिशात रेशनकार्डापासून तोफेच्या परवान्यापर्यंत सगळं असतं. मी हा समज दूर करायला जात नाही. त्यामुळे सकाळचा चहा तरी कुठे ना कुठे होतो.

नाना मूळचे सोनगीरचे. तरुणपणी जळगावला आले आणि मेहरूणच्या एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून चिकटले ते डॉक्टर वारेपर्यंत. आसपासच्या चार गल्ल्यांत असा एक माणूस नसेल ज्याला नानांनी इंजेक्शन दिलं नाही. हात असा हलका की सुई आत जाऊन बाहेर आली तरी पोर रडायचं विसरायचं. "ढिलं सोडा. मुंगी चावली समजा," हे त्यांचं पेटंट वाक्य. दवाखाना सुटला तरी वाक्य सुटलं नाही. माझ्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हा नाना घरी आले, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "ढिलं सोडा, भाऊ." मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट बरं वाटलं.

डॉक्टरांच्या मुलाने त्याच जागी काचेच्या दरवाजांचं हॉस्पिटल बांधलं. तिथे नर्सेस आल्या, मशिनं आली, आणि नानांना हार घालून, शाल पांघरून घरी पाठवण्यात आलं. त्यानंतर कोणी नानांपुढे बाही वर करेना. त्यातच त्यांच्या पुतण्याच्या लग्नात धुळ्याचे व्याही भेटले. व्याही ठेकेदार, कमरेला रिव्हॉल्वर. मांडवात व्याह्यांना सोफा मिळाला, नानांना प्लास्टिकची खुर्ची, तीही एका पायाने हलणारी. नाना तो दिवस विसरले नाहीत. "माणसाजोगं वजन नही ऱ्हायनं आपलं," असं म्हणत त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात कव्हर आणलं.

त्यांच्या पत्नीने, म्हणजे अक्कांनी, या सगळ्यावर एकदाच मत दिलं. घरात पाल निघाली तर हा माणूस पलंगावर चढून शेजाऱ्यांना हाक मारतो, याला बंदूक कशाला, असं त्या म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या. नानांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. संसार टिकवायची त्यांची हीच पद्धत.

अर्ज मी भरला. शस्त्राचा प्रकार, पत्ता, ओळखपत्र इथपर्यंत सगळं सुरळीत गेलं. वैद्यकीय दाखल्यासाठी नाना त्याच काचेच्या हॉस्पिटलात गेले आणि बीपी मोजणाऱ्या नर्सला पट्टा कसा बांधावा हे शिकवून आले. डॉक्टरांच्या मुलाने हसत हसत लिहून दिलं की हे गृहस्थ शरीराने आणि मनाने ठणठणीत आहेत. मग आला कारणाचा रकाना. शस्त्र कशासाठी हवं? नाना म्हणाले, लिहा, वजन. मी म्हटलं, नाना, हे सरकार आहे, व्याही नाही. शेवटी "स्वसंरक्षण" असं लिहिलं आणि अर्ज दाखल केला.

महिन्याभराने त्रुटीचं पत्र आलं. अर्जदाराच्या जीविताला कोणापासून धोका आहे ते नमूद करून पुरावा जोडावा. पाठोपाठ चौकशीला हवालदार आला. त्याने कॉलनीत बारा घरी विचारलं. बाराही घरांनी नानांचं इतकं कौतुक केलं की हवालदाराची वही भरत आली. शेवटी तो माझ्या ओट्यावर बसला आणि म्हणाला की लहानपणी कावीळ झाली तेव्हा त्यालाही नानांनीच सुया दिल्या होत्या. लायसन्स द्यायला त्याची ना नव्हती. पण ज्या माणसाच्या विरुद्ध अख्ख्या गल्लीत एक शब्द सापडत नाही, त्याला मारायला येणार कोण, हा त्याचा प्रश्न होता, आणि प्रश्न रास्त होता.

हवालदार गेल्यावर नाना माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. मी सहज थट्टेने म्हटलं, "नाना, तुमची फाइल एका वैऱ्यासाठी अडली आहे. एखादा शोधा."

थट्टा कोणापुढे करावी याचं भान मला या वयातही आलेलं नाही. नाना दोन दिवस वही-पेन घेऊन वैरी शोधत बसले. दूधवाल्याशी दुधातल्या पाण्यावरून वाजलं होतं, पण त्याच्या नातवाचे कान नानांनीच टोचले होते. समोरच्या जोशांशी पार्किंगवरून कुरबुर होती, ती दिवाळीच्या फराळात मिटली. व्याही या यादीत बसतील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, व्याह्यांना त्यासाठी आधी तुम्ही आठवायला हवेत.

तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, एक आहे. सोनगीरचा एकनाथ.

एकनाथ तांबट हा नानांचा लहानपणचा दोस्त. एका पाटीवर शिकलेले, एका विहिरीत पोहायला शिकलेले. एकनाथ वडिलोपार्जित धंद्यात राहिला, तांब्या-पितळेची भांडी घडवत. अकरा वर्षांपूर्वी तो जळगावला भांडी विकायला आला असताना तापाने फणफणला. नानांनी त्याला कमरेत इंजेक्शन दिलं. ताप उतरला, पण पुढे त्याचा डावा पाय ओढायला लागला. डॉक्टर म्हणाले की हे मणक्याचं दुखणं आहे, सुईचा संबंध नाही. एकनाथला ते पटलं नाही. गावातल्या एका लग्नात, भरल्या पंगतीत, त्याने नानांकडे बोट दाखवून सांगितलं की यानेच मला लंगडा केला. नानांनी पान तसंच ठेवलं आणि उठले. त्या दिवसापासून बोलणं बंद. नाना हे सांगत होते तेव्हा पहिल्यांदाच मला ते पेटंट वाक्य ऐकू आलं नाही. "चाळीस वरीसमा मनी एक सुई चुकनी नही, भाऊ," एवढंच म्हणाले.

आम्ही एसटीने निघालो. मला न्यायचं कारण असं की धमकी कायद्यात बसते का हे तिथल्या तिथे बघायला कोणी जाणकार हवा. रिकामं कव्हर नानांच्या कमरेला होतंच. कंडक्टरने त्यांना न मागताच खिडकीची जागा दिली आणि नाना माझ्याकडे बघून हळूच हसले.

धुळ्यात उतरल्यावर नानांना आधी बंदुकीचं दुकान बघायचं होतं. लायसन्स आलं आणि त्या दिवशी पसंती झाली नाही तर पंचाईत, असं त्यांचं म्हणणं. दुकानदार वयस्कर, शांत. परवाना नसेल तर हातात काही मिळणार नाही, काचेबाहेरून बघा, असं त्याने सांगितलं. नानांनी कव्हर उघडून चष्मा काढला. दुकानदाराने तेवढ्या वेळात काउंटरखाली हात घातला होता, तो सावकाश वर घेतला.

काचेच्या कपाटात एकीकडे रिव्हॉल्वरं, दुसरीकडे पिस्तुलं. दुकानदाराने फरक समजावून सांगितला. नानांनी तो आपल्या हिशोबाने लावून घेतला. रिव्हॉल्वर म्हणजे काचेची सिरिंज. उकळा, पुसा, पुन्हा वापरा, तीन पिढ्या चालते, आत काय आहे ते दिसतं. पिस्तूल म्हणजे डिस्पोजेबल. झटपट काम, पण आत काही अडकलं तर आपल्याला कळत नाही. नाना अर्थातच काचेच्या सिरिंजवाले. मग त्यांनी दुकानदाराला विचारलं की मूठ जरा बारीक असलेलं मिळेल का, कारण त्यांच्या बोटांना नाजूक वस्तूची सवय आहे. आणि आवाज किती होतो? दुकानदार म्हणाला, बराच होतो. नानांना ते आवडलं नाही. समोरच्या माणसाला कळायच्या आत काम झालं पाहिजे, असं ते म्हणाले. दुकानदार माझ्याकडे संशयाने बघायला लागला, तेव्हा मी घाईने सांगितलं की हे कंपाउंडर होते.

निवडणूक लागली की रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, हेही तिथे कळलं. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका, विधानसभा, लोकसभा असं धरलं तर ते नानांच्या घरी कमी आणि ठाण्यातच जास्त राहणार होतं. नाना म्हणाले, बरंच आहे, तिथे सुरक्षित राहील. आपण काय विकत घ्यायला निघालो आहोत हे दोघांपैकी एकाला तरी माहीत असावं असं मला त्या वेळी फार वाटलं.

सोनगीरला पोचलो तेव्हा तांबटांच्या गल्लीत ठोकाठोक चालू होती. एकनाथ ओट्यावर बसून हंडा घडवत होता. आयुष्यभर त्या आवाजात बसून त्याच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिलेला. नाना समोर जाऊन उभे राहिले. एकनाथने वर पाहिलं, हातोडी क्षणभर थांबली, आणि पुन्हा चालू झाली.

"एकनाथ, माले एक धमकी दे," नाना म्हणाले.

एकनाथने हातोडी बाजूला ठेवून कानामागे हात धरला. नानांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत गल्लीतले बाकीचे हातोडे थांबले होते आणि सगळ्या ओट्यांवरून माणसं आमच्याकडे बघत होती. अकरा वर्षांनी पहिला शब्द बोलायला आलेला माणूस भर दुपारी धमकी मागतो आहे, हे त्यांनी आधी कधी पाहिलेलं नसावं. मी लायसन्सची भानगड थोडक्यात ओरडून सांगितली.

"कसानी धमकी?" एकनाथने विचारलं.

"जीव लेवानी."

"लेखी?"

"लेखी."

"टाकसू पोस्टमा," एवढं म्हणून एकनाथने पुन्हा हंडा पुढे ओढला. पाणी नाही, चहा नाही, बसा नाही. आम्ही निघालो तेव्हा तो काहीतरी आणायला आत जायला उठला. डावा पाय ओढत, भिंतीला हात लावत गेला. नाना तिथेच थांबून बघत राहिले. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना गल्लीबाहेर आणलं.

परतीच्या गाडीत अमळनेर फाटा आला. खिडकीबाहेर बघतच नानांनी विचारलं, "भाऊ, खरं सांगा. चुकनी व्हई का?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, मणक्याचं दुखणं आहे. नाना म्हणाले, डॉक्टर आपला माणूस होता, तो तसंच सांगणार. मला त्या वेळी कळलं की हे अकरा वर्षं आतल्या आत चालू आहे. लायसन्स, व्याही, सोफा, सगळं वरवरचं. या माणसाला रोज उठून आपला हात चुकला की नाही हा प्रश्न पडतो, आणि तो विचारायला ज्याच्याकडे जायचं तोच बोलत नाही. मला वाईट वाटलं, आणि आपण अजून दोन शब्द बरे बोलायला हवे होते असंही वाटलं.

पंधरा दिवसांनी धमकी आली. पोस्टकार्डावर, बॉलपेनने, रेघा सरळ. जुन्या शाळेचा माणूस, त्याला पत्र एकाच तऱ्हेने लिहिता येत होतं. "श्री. सुकदेव यांस एकनाथचा सप्रेम नमस्कार विनंती विशेष. पत्र लिहिण्यास कारण की, मी तुला जिवंत सोडणार नाही. माझा पाय अजून दुखतो. जिथे भेटशील तिथे खलास करीन. इकडे सर्व क्षेम. वडिलांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. लोभ असावा."

मी म्हटलं, नाना, हे चालणार नाही. नानांना काय चालणार नाही तेच कळेना. जीव घ्यायचं लिहिलं आहे, सही आहे, पत्ता आहे. लोभाचं काय, ते सगळेच लिहितात. मी ते कार्ड त्रुटीपूर्ततेच्या पत्राला जोडलं आणि पाठवलं. पुढे कचेरीच्या परवाना शाखेतल्या ओळखीच्या कारकुनाने मला सांगितलं की "लोभ असावा"खाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली गेली आणि ते कार्ड टेबलाटेबलावरून फिरून आलं. कोणीतरी म्हणे त्याची झेरॉक्सही काढून ठेवली.

पण कागद तो कागद. कार्डावर पत्ता होता, म्हणून सोनगीरकडच्या पोलिसांना चौकशीचं पत्र गेलं. ते ऐकून नानांचा जीव खालीवर झाला. एकनाथला पोलिसांनी त्रास दिला तर? त्याला कोठडीत बसवलं तर? त्याचा पाय असा. नाना दोनदा सोनगीरला जायला निघाले आणि दोनदा बसस्थानकावरून परत आले. अक्का म्हणाल्या, गोळी न झाडता या माणसाने एकाला जायबंदी केलंच शेवटी. त्या दिवशी नाना जेवले नाहीत, आणि संध्याकाळी अक्का स्वतः माझ्याकडे येऊन म्हणाल्या की जरा बघा, मी चुकीचं बोलले.

दोन महिन्यांनी आदेश आला. अर्ज नामंजूर. अर्जदाराच्या जीविताला धोका असल्याचं दिसून येत नाही. नाराज असल्यास विभागीय आयुक्तांकडे मुदतीत अपील करता येईल.

इथे मला स्फुरण चढलं. इतक्या वर्षांत मी दुसऱ्यांची अपिलं फडताळात लावली होती, लिहिलं एकही नव्हतं. मी रीतसर अर्ज करून सोनगीरच्या जबाबाची नक्कल मिळवली. जबाबातली खोट काढली की अपील उभं राहणार होतं. कागद घेऊन मी नानांकडे गेलो आणि ओट्यावर बसून वाचायला घेतला. पोलिसी मराठी, एका दमात लिहिलेली.

"समक्ष विचारले असता सांगतो की, मी वरील ठिकाणी राहत असून तांब्या-पितळेची भांडी घडवून उदरनिर्वाह करतो. सदरचे पोस्टकार्ड मी स्वतः लिहिले आहे. अर्जदार हे माझे लहानपणापासूनचे मित्र असून त्यांनी मागितल्यावरून लिहून दिले. माझे व त्यांचे वैर नाही. मागे त्यांनी मला इंजेक्शन दिले होते व त्यानंतर माझा पाय अधू झाला. त्यात त्यांचा काही एक दोष नाही. आमचे बोलणे बंद झाले ते माझ्या तोंडामुळे. माझा जबाब वाचून पाहिला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे."

मी लगेच कामाला लागलो. नाना, म्हटलं, हा माणूस पोलिसांना घाबरून बोलला आहे. अपिलात हाच मुद्दा घेऊ. दबावाखाली दिलेला जबाब.

नानांनी माझ्या हातातून कागद घेतला. चष्मा लावून स्वतः वाचला. मग इंजेक्शनच्या ओळीवर बोट ठेवलं.

"वैर शे का नही, इतलंच इचारानं व्हतं पोलिसले," ते म्हणाले. "सुईनं कोन्ही इचारेल नव्हतं, भाऊ. हाई त्यानी सोताहून सांगं."

मी तो कागद पुन्हा पाहिला. बरोबर होतं. वैर नाही, एवढ्यावर हवालदाराचं काम झालं होतं. पुढच्या तीन ओळी कोणालाच नको होत्या. जबाब लिहून घेणाऱ्यालाही त्या लिहिताना कंटाळा आला असणार.

तरी माझ्या अंगात अपील होतंच. मी म्हटलं, मुदत संपायच्या आत टाकून तर देऊ. पुढचं पुढे.

"अपीलमा काय लिखनं पडी?"

"हा जबाब खोटा आहे, असं."

नानांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. आतून अक्कांच्या कपबश्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"मंग नही करनं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "भाऊ, हाई सरकारी कागद शे ना? आते हाई कोन्ही बदलू शकस नही ना?"

मी म्हटलं, नाही नाना. सही आहे, शिक्का आहे. मूळ प्रत अभिलेखात जाते आणि तिथे कायम राहते. त्या कक्षात मी आयुष्य काढलं आहे, मला माहीत आहे.

नानांनी मान हलवली. मग आत वळून अक्कांना सांगितलं की सकाळी सोनगीरला जायचं आहे, एकनाथच्या पायाला लावायला तेलाची बाटली भरून ठेव.